पेंटबॉलसाठी हवेची टाकी किती मोठी घ्यावी?

पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक, स्वतःची घेतली की पाठोपाठ हवेची टाकीही घ्यावी लागते, आणि नवा खेळाडू तिथे हमखास अडखळतो. टाक्यांवर ४८/३०००, ६८/४५००, ७७/४५०० असे जोडआकडे छापलेले असतात. विक्रेता म्हणतो मोठी घ्या, सोबतचा खेळाडू म्हणतो हलकी घ्या, आणि दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते. टाकीचा आकार ठरवायला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: एकदा टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत आपण किती गोळ्या झाडतो, आपल्या मार्करला टाकीतली किती हवा खरोखर वापरता येते, आणि आपण जिथे खेळतो तिथे टाकी किती दाबापर्यंत भरून मिळते. यांपैकी एकही गोष्ट टाकीवर लिहिलेली नसते.

आधी ते जोडआकडे समजून घेऊ. पहिला आकडा टाकीच्या पोटातल्या जागेचा असतो आणि तो क्युबिक इंचांत दिलेला असतो. एक क्युबिक इंच म्हणजे साधारण १६.४ घन सेंटिमीटर, त्यामुळे ४८ची टाकी पाऊण लिटरच्या थोडी वर, ६८ची सुमारे १.१ लिटर, ७७ची सव्वा लिटर आणि ९०ची जवळजवळ दीड लिटर भरते. दुसरा आकडा टाकी जास्तीत जास्त किती दाबापर्यंत भरायची ते सांगतो आणि तो पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचामागे पौंडांत, मोजलेला असतो. ३००० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ बार आणि ४५०० पीएसआय म्हणजे सुमारे ३१० बार. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते हे लक्षात घेतले, तर हातात धरलेल्या ४५००च्या लहानशा टाकीत सव्वाशे पटींहून अधिक दाब कोंडलेला असतो हे ध्यानात येईल.

या दोन आकड्यांचा गुणाकार केला की टाकीत किती हवा मावते याचा अंदाज येतो. तापमान कायम असेल तर वायूचा दाब आणि त्याने व्यापलेली जागा यांचा गुणाकार बदलत नाही, हा रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे थेट उपयोगी पडतो. त्या हिशोबाने ६८/४५००च्या टाकीतली हवा मोकळी सोडली, तर ती सुमारे ३४५ लिटर जागा व्यापायला हवी. प्रत्यक्षात ती थोडी कमी निघते, कारण इतक्या प्रचंड दाबाखाली हवा बॉइलच्या नियमाला तंतोतंत धरून वागत नाही. ४५०० पीएसआयच्या आसपास ती हिशोबापेक्षा साधारण एक दशांशाने कमी मावते, तर ३००० पीएसआयला हा फरक अगदीच किरकोळ असतो. म्हणजे दाब दीडपट केला तरी हवा दीडपट होत नाही, दीडपटीपेक्षा जराशी कमीच राहते. तरीही अशा भरलेल्या टाकीत पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास नुसती हवाच असते, त्यामुळे दिवसाच्या शेवटी टाकी हलकी वाटते तो निव्वळ भास नव्हे.

इथपर्यंतचा हिशोब बहुतेकांना माहीत असतो. चूक होते ती पुढच्या पायरीवर. टाकीतली सगळी हवा गोळी झाडायच्या कामी येत नाही. टाकीच्या तोंडाशी बसवलेला रेग्युलेटर आतला हजारो पीएसआयचा दाब उतरवून मार्करला एक ठरावीक दाब पुरवतो. जुन्या धाटणीचा हा पुरवठा ८०० ते ८५० पीएसआयचा असतो, तर कमी दाबाच्या रेग्युलेटरमधून साधारण ४५० पीएसआय मिळतात. टाकीतला दाब मार्करच्या गरजेपेक्षा खाली उतरला की गोळीचा वेग पडू लागतो. ती लवकर जमिनीकडे झुकते आणि समोरच्याला लागली तरी न फुटताच उसळून जाते. टाकीत हवा शिल्लक असते, पण खेळाच्या दृष्टीने टाकी संपलेली असते. या मर्यादेला आपण तळाचा दाब म्हणू.

तळाचा दाब ८०० धरला, तर ३०००च्या टाकीतले २२०० पीएसआयच कामाचे, म्हणजे जेमतेम पाऊण हिस्सा. ४५००च्या टाकीत मात्र ३७०० कामाचे, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून अधिक. दोन्ही टाक्यांच्या तळाशी अडकून पडणारे पीएसआय सारखेच असल्यामुळे कमी दाबाच्या टाकीला त्याचा फटका जास्त बसतो. छापील आकड्यांचा गुणाकार करून ४८/३००० आणि ६८/४५०० यांची तुलना केली, तर दुसरी टाकी पहिलीच्या सव्वादोनपटीलाही पोहोचत नाही. कामाच्या दाबावर तुलना केली तर ती तशी २.४ पटींच्या जवळ जाते, आणि आधी सांगितलेला एक दशांशाचा तोटा वजा केला तरी दुपटीच्या वरच राहते. मार्करला स्वतःचा वेगळा रेग्युलेटर असेल आणि तो ४५० पीएसआय किंवा त्याहूनही कमी दाबावर समाधानाने चालत असेल, तर तळाशी अडकणारी हवा बरीच कमी होते. म्हणूनच टाकी निवडण्याआधी मार्करची माहितीपुस्तिका उघडून तो किती दाब मागतो हे पाहणे, हे टाक्यांचे तक्ते चाळण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

हा ८०० पीएसआयचा आकडा आला कुठून, हे थोडे विषयांतर करून सांगायला हवे. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर इथे बारा जणांमध्ये झाला. त्यांच्या हातातली पिस्तुले मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली होती, आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या लहान नळकांडीवर चालत. पुढे नळकांडी जाऊन त्याच वायूच्या मोठ्या टाक्या आल्या. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि नेहमीच्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब सुमारे ८३० ते ८५० पीएसआय भरतो. मार्कर त्या दाबासाठीच घडले, आणि दाबाखालच्या हवेच्या टाक्या आल्या तेव्हा त्यांचे रेग्युलेटरही त्याच दाबावर बांधले गेले. त्या वायूची खोड अशी, की थंडी वाढली की त्याचा दाब झपाट्याने उतरतो. शून्य अंश सेल्सियसला तो सुमारे ५०० पीएसआयवर येतो. शिवाय भराभर गोळ्या झाडल्या तर उकळणारा द्रव टाकीलाच गारठवतो. साध्या हवेत ही भानगड नसते, म्हणून गंभीरपणे खेळणारे जवळजवळ सगळे हवेकडे वळले.

आता गोळ्यांचा हिशोब. एका गोळीला किती हवा लागते याचे उत्तर मार्करवर अवलंबून असते, पण अंदाजासाठी मी पुढची रीत वापरतो. टाकीचे क्युबिक इंच आणि तिचा कामाचा दाब, म्हणजे भरलेल्या दाबातून तळाचा दाब वजा करून उरलेला, यांचा गुणाकार करावा आणि त्याला २५० ने भागावे. हा २५० अगदी हवेतून काढलेला नाही. पेंटबॉलची नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची आणि साधारण ३ ग्रॅम वजनाची असते. मैदानांवर तिचा वेग बहुधा सेकंदाला २८० फुटांच्या आसपास, म्हणजे ८५ मीटर ठेवतात, आणि ३०० फूट ही वरची सीमा मानतात. एवढ्या वेगाच्या गोळीत सुमारे ११ जूल ऊर्जा असते. क्युबिक इंच आणि पीएसआय यांचे २५० एकक म्हणजे सुमारे २८ जूल. मार्कर हवेतली जेमतेम दोन पंचमांश ऊर्जा गोळीला देतो आणि बाकीची आवाजात, आतले भाग हलवण्यात आणि नळीतून निसटणाऱ्या हवेत घालवतो, असा याचा ढोबळ अर्थ, आणि तो अनुभवाशी जुळतो.

तळाचा दाब ८०० धरून या रीतीने हिशोब केला, तर १३/३०००च्या चिमुकल्या टाकीतून सुमारे ११० गोळ्या निघतात, ४८/३००० मधून सव्वाचारशेच्या आसपास, ५०/४५०० मधून सव्वासातशे, ६८/४५०० मधून हजार, ७७/४५०० मधून सव्वाअकराशे आणि ९०/४५०० मधून तेराशेच्या वर. ४५००च्या टाक्यांच्या आकड्यांतून एक दशांश वजा करून ठेवणे शहाणपणाचे. हवा जपून वापरणारा मार्कर असेल तर भाजक २०० किंवा त्याहून कमी धरता येतो; स्वस्तातल्या यांत्रिक मार्करला, जो प्रत्येक गोळीमागे हवेच्याच जोरावर स्वतःला पुन्हा सज्ज करतो, ३०० धरावा. दरवेळी हाताने पंप ओढून झाडायचे मार्कर सर्वांत काटकसरी असतात, कारण सज्ज होण्याचे काम हवेऐवजी हात करतो. आपल्या मार्करचा खरा भाजक काढायचा असेल, तर एका दिवशी टाकीवरच्या मापकाचा आकडा लिहून ठेवावा, मोजून दोनशे गोळ्या झाडाव्यात आणि मग दाब किती उतरला ते पाहावे. उतरलेल्या पीएसआयला टाकीच्या क्युबिक इंचांनी गुणून दोनशेने भागले की भाजक हाती येतो. एवढे केलेला खेळाडू टाकी घेताना सहसा फसत नाही.

किती गोळ्या हव्यात, हे खिशाकडे नव्हे तर कमरेकडे पाहून ठरवावे. मार्करवरच्या हॉपरमध्ये साधारण २०० गोळ्या राहतात, आणि कमरेच्या पट्ट्यावर लावलेल्या प्रत्येक पॉडमध्ये १४० ते १५०. हॉपर आणि चार पॉड घेऊन मैदानात उतरणाऱ्याजवळ ७६० ते ८०० गोळ्या असतात. त्याची टाकी त्या सगळ्या गोळ्या झाडू शकली पाहिजे आणि थोडी हवा उरलीही पाहिजे. जवळच्या गोळ्या संपण्याआधी हवा संपणे यासारखी चिडचिड दुसरी नाही, कारण गोळ्या सोबत्याकडून मागून घेता येतात, हवा येत नाही. उलट हॉपर आणि एखादा पॉड घेऊनच जंगलातल्या छोट्या फेऱ्या खेळणारा आणि प्रत्येक फेरीनंतर टाकी भरून घेणारा खेळाडू ९०/४५०० घेऊन हिंडला, तर तो अर्ध्याहून अधिक हवा नुसतीच वाहतो. स्पर्धेतला एकेक डाव काही मिनिटांत संपतो, पण त्यात गोळ्यांचा पाऊस पडतो. जंगलात रचलेला मोठा डाव तासन्‌तास चालतो आणि भरण्याची जागा लांब असते. दोघांनाही मोठी टाकी लागते, कारणे मात्र वेगळी आहेत.

आता भरण्याच्या जागेविषयी, कारण सगळा हिशोब उधळतो तो इथे. टाकीवर ४५०० छापले म्हणजे ती ४५०० पर्यंत भरून मिळेलच असे नाही. काही ठिकाणचा कॉम्प्रेसर ३००० पर्यंतच जातो. जिथे हवा मोठ्या नळकांड्यांच्या साठ्यातून दिली जाते, तिथे जोडलेल्या दोन टाक्यांमधला दाब समान झाला की प्रवाह थांबतो. सकाळी साठा भरलेला असताना ४४०० मिळतात आणि दुपारनंतर, शेकडो टाक्या भरून झाल्यावर, त्याच नळीतून ३५०० सुद्धा मिळत नाहीत. अशा ठिकाणी ४५००च्या टाकीचा अर्धा फायदा निघून जातो आणि पोटाचा आकारच खरा उपयोगी पडतो. ६८ची टाकी ३००० पर्यंतच भरली तरी वरच्या रीतीने सुमारे सहाशे गोळ्या देते, म्हणजे ४८/३००० पेक्षा पावणेदोनशे जास्त. याच्या उलट दिशेची चूक मात्र कधीही करू नये: ३०००ची टाकी ३००० पीएसआयच्या वर भरणे सरळसरळ धोक्याचे आहे.

घाईने भरलेली टाकीही फसवते. हवा वेगाने कोंडली की ती तापते, आणि तापलेल्या हवेचा दाब मापकावर फुगून दिसतो. आतली हवा ५० अंश सेल्सियसला असताना काटा ४५०० दाखवत असेल, तर ती २५ अंशांवर निवल्यावर तोच काटा सुमारे ४१५० वर येतो. टाकी गळत असल्याची तक्रार अनेकदा यातूनच जन्मते. सावकाश भरून घेणे किंवा पाच-दहा मिनिटांनी पुन्हा थोडी भरून घेणे हा यावरचा साधा उपाय. भरण्याच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण एवढ्या दाबाने झटक्यात शिरणाऱ्या तप्त हवेत ते पेट घेऊ शकते.

वजनाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. ३०००च्या टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात. ४५००च्या टाक्यांत आत पातळ धातूचे अस्तर आणि बाहेरून कार्बन फायबरचे वेटोळे असते. धागे दाब पेलत असल्यामुळे धातू कमी लागतो, आणि त्यामुळे ४८/३०००ची ॲल्युमिनियमची टाकी तिच्याहून दुप्पट गोळ्या देणाऱ्या ६८/४५०० पेक्षा बहुधा जडच भरते. लहान म्हणजे हलकी, हे समीकरण एकाच जातीच्या टाक्यांमध्ये लागू पडते, दोन जातींमध्ये नाही. ॲल्युमिनियमचा खरा गुण स्वस्ताईत आणि दणकटपणात आहे. आपटली-घासली तरी कार्बन फायबरइतकी काळजी करावी लागत नाही.

शिवाय टाकी ही मार्करचा दस्ता म्हणून खांद्याला लागते, हे विसरून चालत नाही. डोळ्यांवर मुखवटा असल्यामुळे डोके रायफलीसारखे खाली झुकवता येत नाही, आणि टाकी फार लांब असली की मार्कर तोंडापासून दूर ढकलला जातो. फार आखूड असली की मनगट दुमडून पाठीमागे जाते. बुटक्या किंवा लहान वयाच्या खेळाडूला ४५ किंवा ५०ची टाकी हातात बसते, मध्यम उंचीच्या माणसाला ६८ची, आणि लांब हातांच्या खेळाडूला ७७ किंवा ८०ची. हे आकडे ठोकताळे आहेत. मुखवटा घालून, टाकी लावलेला मार्कर खांद्याला टेकवून पाहणे हीच खरी परीक्षा. कुणाकडे मोठी टाकी घ्यायची इच्छा असूनही मार्कर जड होतो अशी अडचण असेल, तर टाकी पाठीवर किंवा कमरेला बांधून लवचिक नळीने मार्करला जोडता येते. मात्र नळी झुडपात अडकते आणि हात बदलताना आडवी येते, म्हणून मला ती सोय खेळात फारशी रुचत नाही.

एवढे सगळे पाहून सल्ला द्यायचाच झाला, तर ज्याला ४५०० पर्यंत भरून मिळते आणि जो महिन्यातून एकदा तरी खेळतो त्याने ६८/४५०० घ्यावी. ती कुणाला फारशी मोठी होत नाही आणि क्वचितच अपुरी पडते. उंच आणि गोळ्या सढळ हाताने झाडणाऱ्याने ७७ किंवा ८० पाहावी. वर्षातून दोन-तीनदा खेळणाऱ्याला, विशेषतः त्याच्या मैदानावर ३००० पर्यंतच हवा मिळत असेल तर, ४८/३००० पुरेशी आहे. १३/३०००ची टाकी पंपाच्या मार्करला किंवा पिस्तुलाला शोभते. मुख्य टाकी म्हणून ती घेणारा दर शंभर गोळ्यांमागे रांगेत उभा राहतो. ९० आणि त्यावरच्या टाक्या दिवसभराच्या डावांत, किंवा भराभर झाडणाऱ्या आणि हवा खाणाऱ्या मार्करला लागतात.

घेतलेली टाकी किती वर्षे वापरता येईल हेही आकाराइतकेच पाहावे. प्रत्येक टाकीवर निर्मितीची तारीख असते आणि ठरावीक मुदतीने, बहुतेक टाक्यांबाबत पाच वर्षांनी, तिची पाण्याच्या दाबाखाली तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकी नियमांनुसार बनलेल्या टाकीची ही चाचणी तिच्या कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांशावर होते, म्हणजे ३०००ची ५००० वर आणि ४५००ची ७५०० वर. रेग्युलेटरवर बसवलेली फुटीर चकती, जी दाब हाताबाहेर गेला की स्वतः फुटून हवा सोडून देते, तीही याच दोन आकड्यांची असते; ४५००च्या टाकीवरचा रेग्युलेटर उतरवून ३०००च्या बाटलीवर लावणे म्हणूनच घातक आहे, कारण मग चकती फुटण्याआधी बाटलीच दगा देऊ शकते. कार्बन फायबरच्या अनेक टाक्यांचे आयुष्य निर्मितीपासून पंधरा वर्षे ठरवलेले असते आणि त्यानंतर त्या चाचणीला पात्रच राहत नाहीत. वापरलेली टाकी स्वस्तात मिळत असेल तर आधी ही तारीख वाचावी, मग कार्बन फायबरच्या पृष्ठावर नख फिरवून धागे तुटले आहेत का ते पाहावे, आणि रेग्युलेटर व बाटली यांच्या सांध्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. टाकी मार्करवरून काढताना ती रेघ तुटलेली दिसली, तर टाकीऐवजी रेग्युलेटरच फिरतो आहे असे समजून तिथेच थांबावे आणि टाकी जाणकाराच्या हाती द्यावी.